पाचांची वही

लॅक्सन न्जोब्वूने मला आधी मिशा वाचायला शिकवल्या.
आयाळ फसवते, म्हणायचा,
आज काळीभोर, उद्या भांडणात अर्धी उपटलेली.
मिशांच्या वरच्या रांगेतले ठिपके मोज.
डावीकडे तीन, उजवीकडे चार : हा थोरला.
ते ठिपके जन्मताना येतात, मरताना जातात,
मधे कुणाच्या बापासाठी बदलत नाहीत.

मी वहीत पाच तोंडं काढली.
लुआंग्वा नदीने टाकून दिलेल्या वळणावर,
जिथलं पाणी केव्हाच आटलंय
पण पाणघोड्यांना ते अजून पटलेलं नाही,
तिथे ते आले, मे महिन्यात, एकामागे एक.
पुकू हरणांनी माना वर केल्या आणि चरायचं विसरली.

चौघे एकाच कळपात जन्मलेले.
पाचवा उपरा, शेपटीचा गोंडा तुटलेला,
एकटा भटकून भटकून फासळ्या मोजता येतील असा.
चौघांनी त्याला आधी झोडपलं, मग हुंगलं,
मग शेजारी झोपू दिलं.
का, ते वहीत लिहिता येत नाही. तसा रकानाच नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी जुन्या नराला नदीपार घालवलं
आणि त्याची पिल्लं मारली.
मी जीपमध्ये बसून मोजली. सहा.
लॅक्सनने थर्मासमधला चहा माझ्याकडे सरकवला.
सिंहिणी दोन दिवस हाका मारत फिरल्या,
पुढच्या महिन्यात त्याच पाचांच्या सावलीत लोळल्या.
तेव्हा मला राग आला होता.
आता नुसतं लिहिते : तारीख, वेळ, झाड.

दुसऱ्या वर्षी थोरला रानरेड्याच्या शिंगावर गेला.
एकाने त्याचा कान चाटला.
मग सगळ्यांनी रेडा खाल्ला.

तिसऱ्या वर्षी, ऑक्टोबरात,
उकाड्याने माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात तेव्हा,
दुसरा सापडला मोपानेच्या बुंध्याशी, मानेत तार.
विजेच्या खांबावरची, पीळ उकललेली.
पक्कड घेऊन वाकले आणि हात थांबला.
ती गाठ माझ्या ओळखीची होती.
दोन वेढे, मग खालून, मग शेवटचं टोक उलटं आत.
वडील मासळीच्या जाळ्याला अशी मारायचे.
मुलींना शिकवत नसत, मी लांबून बघून शिकले.
मांडीला मांडी लावून शिकला तो येलेसानी, माझा भाऊ.

त्या संध्याकाळी त्याच्या घरी वाफाळती न्शिमा होती,
बरोबर पुकूचं मटण.
मार्चमध्ये हत्तींनी त्याचा सगळा मका तुडवला होता.
त्याची धाकटी बोटं चाटत होती.
'तुमचे सिंह काय म्हणतात?' त्याने विचारलं.
तुमचे, म्हणाला.
'चार होते. तीन राहिले.'
त्याने माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.
मी खाल्ला.

वहीत लिहिलं : नर, वय अंदाजे आठ.
तार, दोन हात लांब.
गाठ :
आणि पुढे रेघ ओढली.
लॅक्सनने वही बघितली, रेघेवर अंगठा ठेवला जरासा,
मग म्हणाला, टायरमध्ये हवा कमी आहे.

नदीपारच्या तरण्या त्रिकुटाने एकाला फाडलं.
एक पावसाळ्यात गेला तो दिसलाच नाही,
त्याचं पान मी अजून मिटलेलं नाही.

उरलाय तो उपरा, बिनगोंड्याचा.
पहाटे वाळूत उभा राहून गरजतो, आणि थांबतो.
इतर चौघे जिथे साथ द्यायचे तेवढी जागा मोकळी सोडतो.
घड्याळ लावून बघितलं, चाळीस सेकंद.
मग पुन्हा.
पलीकडून तरणे ओरडतात, त्यांना तो विचारत नाही.

काल येलेसानी म्हणाला, 'हल्ली एकच ऐकू येतो.'
'हो,' म्हटलं.
त्याने वर बघितलं नाही.
फाटलं जाळं मांडीवर घेऊन बसला होता,
शेवटचं टोक उलटं आत घालत.